चादरीबाहेरचे तीन बिबडे

शहाद्याच्या बसस्टँडमागे, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत चेतना पाटलांची चौकशी संस्था होती. खाली गिरणी सुरू झाली की वरचं टेबल थरथरायचं आणि समोर बसलेल्या माणसाला वाटायचं, आता आपलं काही खरं नाही. तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. चेतनाकडची निम्मीशिम्मी कामं लग्नाची असत. मुलगा खरंच नोकरीला आहे का, मुलीची मावशी बोलत का नाही, असली.

सोबतीला तिचा गिरधरमामा. एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर. मामाला दोनदा सांगितल्याशिवाय काही कळत नाही, असं खुद्द मामीच म्हणायची. मामाला मात्र स्वतःच्या नजरेचा भारी अभिमान होता. बिनतिकीट प्रवासी आपण नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचो, हे दिवसातून एकदा तरी सांगितल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे.

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. म्हसावदचा ललित जिना चढून आला तो घामानं निथळत.

"ताई, मन्हं काम बुडी ऱ्हायनं!"

"आधी बैस. पाणी पी. मग काय बुडतंय ते सांग," चेतना म्हणाली.

ललितची गोष्ट अशी. दुसऱ्याच्या दुकानात मोबाइलच्या काचा बदलत त्यानं सहा वर्षं काढली होती. मग हौसेनं ड्रोन घेतला, प्रशिक्षण घेतलं आणि वीस एप्रिलला त्याला ड्रोन चालवण्याचं सरकारी प्रमाणपत्र मिळालं. नंदुरबारच्या एका बियाणे कंपनीला त्यानं काढलेला म्हसावदचा फोटो पसंत पडला. जूनपासून सुरू होणाऱ्या कॅलेंडरवर तो छापायचं ठरलं, त्याचा नमुनाही ललितच्या घरी आला. शिवाय वर्षभर शेतांचे फोटो काढायचं कामही त्यालाच. अट एकच, विकलेला प्रत्येक फोटो प्रमाणपत्र मिळाल्यानंतरचा हवा. तसं ललितनं सही करून लिहून दिलं होतं.

"आणि आता हे आलं," म्हणत त्यानं खिशातून एक झेरॉक्स काढली. कंपनीला आलेलं निनावी पत्र होतं. अक्षर वेडंवाकडं, आणि शाई जागोजागी फरफटलेली.

मामानं मोठ्यानं वाचलं. "महोदय, आपल्या कॅलेंडरावरचा फोटो पाडव्यापासून चौथ्या दिवशी काढलेला आहे. तेव्हा ललितकडे प्रमाणपत्र नव्हते. तरी तो फोटो छापू नये. बाकी मुलगा गुणी आहे. आपला, एक हितचिंतक."

"शनवारले कंपनीना दिग्विजयसाहेब घर येवाव शेतस चौकशीले," ललित म्हणाला. "खोटं ठरनू तं फोटोबी गया नि वरीसनं कामबी गयं. मंग शे परत काचा बदलानं. हाई काम भाग्येशनंच शे, ताई. त्याना लग्नाना फोटोना धंदा. आनि तो डावखुरा शे. देखा ना, शाई कशी फरफटाई जायेल शे! डाव्या हातनं लिखं तं असंच व्हस."

"हुशार आहेस," चेतना म्हणाली. "आणि फोटो नक्की कधीचा?"

"सव्वीस एप्रिल. फाइलवर तारीख शे ना!"

"मी पत्र लिहिणारा शोधीन. पण शोधायला लागले की जे सापडेल ते सगळं सांगेन. चालेल?"

ललितनं नजर खाली घालून मान हलवली. मामाला त्यात काही विशेष दिसलं नाही. त्याचं लक्ष फोटोत होतं.

फोटो होताच तसा. वरून दिसणारं अख्खं म्हसावद, कडेला कडब्याच्या गंजी आणि मधोमध ललितच्याच घराची गच्ची. गच्चीवर चादर पसरलेली आणि तिच्यावर वाळत घातलेले बिबडे. ज्वारीचा घाटा शिजवून हातानं थापलेले, उन्हाळ्यात खानदेशातल्या घरोघरी होणारे. शेतातली ज्वारी आणि गच्चीवरचा बिबडा एकाच फोटोत, म्हणून तर ज्वारीचं बी विकणारी कंपनी खूश होती.

"वा!" मामा म्हणाला. "काय हात आहे तुझ्या आईचा, गजराबाईचा! एकूण एक सारखा. फक्त हे तीन बघ, वाऱ्यानं उडून चादरीबाहेर पडलेत. बिचारे."

चेतनानं फोटो त्याच्या हातातून घेतला आणि बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली, "मामा, तुमची नजर खरंच चांगली आहे." मामाला तो दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी दोघं म्हसावदला गेले. भाग्येशचा स्टुडिओ चौकातच होता. तो डाव्या हातानं अल्बमवर नवरा-नवरीचं नाव लिहीत होता.

"मी तक्रार करसू?" तो हसायलाच लागला. "ताई, मन्हा ड्रोनबी लग्नमा उडस, आनि माले कसानंच प्रमाणपत्र नही. उद्या चौकशी लागनी तं पयले मालेच धरतीन. मी मन्हाच पायवर धोंडा पाडी लेसू का?"

"पाडव्यापासून चौथ्या दिवशी कुठे होतास?"

"पाडव्याना दुसऱ्या दिनथून आठ दिन मी खापर गावले. लग्नावर लग्न व्हतात. आठे कोन काय उडाडी ऱ्हायनं, माले काय ठाऊक?"

बाहेर पडल्यावर मामा म्हणाला, "हाच. हसला ते पाहिलंस ना? बिनतिकीट माणूस अस्साच हसतो."

"मामा, तिकीट काढलेला माणूसही हसतो," चेतना म्हणाली आणि ललितच्या गल्लीत वळली.

गल्लीत शिरताच फुलीबाईचं घर. ललितची शेजारीण. बोलायला कोणी मिळालं की हातातलं काम सोडणारी बाई. चेतनानं बिबड्यांचा विषय काढायचा अवकाश, फुलीबाईनं ओसरीवर चटईच टाकली.

"आमनी गल्लीमा पाळी ऱ्हास, माय. पाडव्याना दुसऱ्या दिनथून, मारुतीना देऊळकडथून. एक दिन एक घर. सगळ्या बाया तठे हात लावाले जातीस. एकली बाई घाटा हाटी का थापी?"

"गजराबाईंचं घर कितवं?"

"देऊळ पासथून तिसरं. मन्हं चवथं. सालोसाल तोच क्रम, कोन्ही मोडत नही."

मामानं बोटांवर दिवस मोजायला सुरुवात केली. चेतनाला मोजावे लागले नाहीत.

"यंदा गजराबाईंकडे कोण कोण गेलं होतं?"

फुलीबाईनं आवाज खाली आणला. "कोन्हीच नही! कोन्हाले बलावंच नही. म्हने, मी एकलीच करी लिसू. आनि आमना घरबी उनी नही. म्हने, पाहुणा उनात. कसाना पाहुणा? पन बिबडा देखात का? एक नंबर! गल्लीमा पयला मान तिनाच. आम्हीन नुसत्या देखत ऱ्हायनूत."

"जळते ही," बाहेर आल्यावर मामा कुजबुजला. "पत्र हिचंच. शंभर टक्के."

"सकाळी भाग्येश शंभर टक्के होता."

"तो नव्याण्णव होता," मामा गुरगुरला.

गजराबाईनं दोघांचं अगदी मायेनं स्वागत केलं. साठीची, ठसठशीत बाई, पदर उजव्या हातावरून मनगटापर्यंत ओढून घेतलेला. तिनं डाव्या हातानं पाणी दिलं, डाव्याच हातानं चहाचे कप एकेक करून आणले. ललितचं नाव निघताच तिचे डोळे भरून आले.

"मन्हा पोऱ्याना जीव लागेल शे त्या काममा," ती म्हणाली. "रातदिन जेवत नही. कोन्ही करं, देव जाने."

"साहेबांनी कॅलेंडरचा नमुना पाठवला होता ना घरी? कंपनीचा पत्ता त्याच्यावरच असेल?"

"हा, भितवर लाया व्हता ललितनी. मंग मी काढी ठेवा. धूळ बसस ना."

चेतना म्हणाली, "मामांना तुमचे बिबडे खायचे आहेत. वाटेत सारखे तेच बोलत होते."

मामा यातलं एक अक्षरही बोलला नव्हता, पण नाही कशाला म्हणायचं? गजराबाईनं क्षणभर थांबून डबा काढला, दोन बिबडे भाजून दिले. मामानं घास घेतला आणि स्वभावाप्रमाणे बोलून गेला, "गजराबाई, मागच्या वर्षी तुम्ही वानोळा दिला होता. त्यात लसूण कसा झणका मारत होता! यंदा लसूण कमी पडला का हो?"

"लसूण महाग व्हता," गजराबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली. चेतनानं न भाजलेला एक बिबडा मागून घेतला आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. परतताना शहाद्याच्या बाजारात तिनं मामाला रिक्षात बसवून ठेवलं आणि एका दुकानातून कागदी पिशवी घेऊन आली.

शनिवारी सकाळी गजराबाईच्या बैठकीत सगळे जमले. दिग्विजयसाहेब पंख्याखाली, तोंडावर सुतकी कळा. ललित दाराशी. भाग्येश आणि फुलीबाई, चेतनानं बोलावलं म्हणून आणि काय होतं ते बघायला मिळावं म्हणूनही. गजराबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.

"आधी वाईट बातमी," चेतना म्हणाली. "पत्रात लिहिलंय ते खरं आहे."

ललितचा चेहरा पांढराफटक पडला. दिग्विजयसाहेब ताठ बसले.

"या गल्लीत बिबड्यांची पाळी ठरलेली असते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून, देवळाकडून रोज एक घर. हे तिसरं. म्हणजे पाडवा धरून चौथा दिवस. सव्वीस एप्रिलला या गच्चीवर बिबडे असणं शक्य नाही, ते कधीच डब्यात गेलेत. फाइलवरची तारीख बदलता येते. गल्लीतल्या बायांची पाळी बदलून दाखव बघू!"

"हौस म्हनीसन उडाडा व्हता, ताई," ललित पुटपुटला. "विकाना इचारच नव्हता. मंग कंपनीले तोच आवडना. मी घाबरी गयू नि तारीख बदली दिधी."

"ते साहेबांना सांग, मला नको," चेतना म्हणाली. "आता पत्र. ललित, तू म्हणालास भाग्येश, कारण तो डावखुरा. पण त्यानं तक्रार केली तर पहिला तोच अडकतो. शिवाय तो तेव्हा खापर गावी होता. आणि तारीख पाडव्यापासून मोजणारा माणूस फोटोवाला नसतो, बिबडेवाला असतो."

सगळ्यांच्या माना फुलीबाईकडे वळल्या. "मी नही वं माय!" ती किंचाळली.

"तुम्ही नाही. पत्र पुन्हा ऐका. 'फोटो छापू नये.' काम काढून घ्या, असं कुठेच नाही. आणि वर, 'बाकी मुलगा गुणी आहे.' असा कोणता वैरी लिहितो? लिहिणाऱ्याला ललितचं वाईट करायचंच नव्हतं. त्याला फक्त तो एक फोटो घरोघरी भिंतीवर नको होता. का? त्यात असं काय आहे?"

तिनं फोटो पुढे केला. "हे मामांनी मला दाखवलं. सगळे बिबडे एकसारखे, आणि तीन चादरीबाहेर उडालेले. फुलीबाई, ताजा थापलेला बिबडा वाऱ्यानं उडतो का?"

"उडाले काय झायं?" फुलीबाई म्हणाली. "वला बिबडा कापडले चिकटस. दुसऱ्या दिन पानी मारीसन सोडना पडस."

"म्हणजे गच्चीवर घातले तेव्हाच हे वाळलेले होते." चेतनानं रुमाल सोडला, कागदी पिशवी फोडली, आणि डब्यातला बिबडा बाजारातल्या मशीनच्या बिबड्यावर ठेवला. कडेला कड तंतोतंत बसली. "लसूणही तेवढाच कमी."

फुलीबाईच्या तोंडाचा मोठा आ झाला. मामाचाही झाला.

"गजराबाई," चेतना हळूच म्हणाली, "उजवा हात कधी दुखावला?"

गजराबाईनं पदर बाजूला केला. मनगट सुजलेलं, हळदीचा लेप वाळून तडकलेला.

"होळीले पडनू," ती म्हणाली. "कोन्हाले सांगं नही. हात चालेना, मंग कोन्हाकडे हात लावाले कशी जाऊ? आनि ज्यास्नाकडे गयू नही, त्यास्ले मन्हाकडे या म्हनाले तोंड कोठे? पाळी तं उनी. गच्ची रिकामी ऱ्हायनी तं लोक काय म्हनतीन? दुकानना आनात नि पसारी दिधात. तवढामा हाऊ वर ड्रोनना भुंगा सोडी बठना! वरीसभर घरघर मन्हं लबाडपन टांगाई जाई, म्हनीसन लिखं डाव्या हातनं. फोटो छापाई नही, इतलंच माले पाहिजे व्हतं. पोऱ्यानं कामच जाई, हाई काय माले ठाऊक?"

आणि ती रडायलाच लागली. ललित जाऊन तिच्याजवळ बसला. "माय, तुनी माले हात दुखस म्हनीबी सांगं नही?"

"तुनी माले तारीख बदली म्हनी सांगं का?"

फुलीबाई उठली. चेतनाला वाटलं, आता ही गल्लीभर दवंडी पिटणार. फुलीबाई गजराबाईसमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गजरा, येडी का खुळी तू? पंचवीस वरीस मन्हा घाटा तुनी हाटा. एक साल नही उनी तं मी काय पाळी मोडसू? ज्वारी भिजाड. परवा सगळ्या येतस."

दिग्विजयसाहेबांनी घसा खाकरला. "ललित, हा फोटो रद्द. खोटं लिहून दिलंस, त्यामुळे वर्षाचं कामही रद्द."

साहेबांनी फोटो उलटा करून बाजूला ठेवला.

"पण छपाई पंधरा तारखेला आहे. त्याआधी प्रमाणपत्रासह, खऱ्या तारखेचा फोटो आला, तर तो बघेन. बरा वाटला तर तीन महिने काम देऊन पाहू. प्रत्येक उड्डाण मला आदल्या दिवशी कळवायचं. आणि ते डब्यातले खोटे बिबडे मला नकोत, परवाचे पाठवा."

गल्लीतून बाहेर पडताना मामानं रिक्षाला हात केला. मग म्हणाला, "मला पहिल्यापासून गजराबाईचाच संशय होता."

"हो ना मामा. शंभर टक्के."

जूनमध्ये कॅलेंडर आलं. चेतनाच्या खोलीत आलं, भाग्येशच्या स्टुडिओत लागलं, फुलीबाईच्या ओसरीवर तर दोन लागली. फोटोत तीच गच्ची, भोवती आठ-दहा बाया, आणि ओल्या कापडावर थापलेले बिबडे. कुठे जाड, कुठे फाटलेले, प्रत्येकीच्या हाताचा आकार वेगळा. चादरीबाहेर एकही नव्हता.

गजराबाईनं ते बैठकीत, दारासमोर टांगलं. येणाऱ्या प्रत्येकाला ती खुर्चीवरून उठवून कॅलेंडरजवळ नेते आणि कोपऱ्यातल्या एका बिबड्यावर बोट ठेवते. तो धड गोल नाही, धड लांब नाही.

"हाऊ वाकडा देखा ना," ती सांगते, "हाऊ मन्हा शे. डाव्या हातना."