कपाशीची कालची फुलं

शेषराव आणि अन्नपूर्णेला पहिला पोरगा झाला, ते साल दोन हजार चार. त्या बाळंतपणाला अन्नपूर्णा धाड गावाजवळच्या माहेरी आली आणि त्याच हंगामात बीटी कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर तिची धाकटी बहीण योगिनी जाऊ लागली. क्रॉसिंगचं काम नाजूक होतं. नराच्या ओळीतलं ताजं फूल तोडायचं आणि मादीच्या ओळीतल्या फुलावर हलकेच घासायचं. तेही ऊन चढायच्या आत.

एका सकाळी माणसं कमी पडली. मालकानं मजूर आणणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरच्या हातात टोपली दिली आणि नराची फुलं तोडायला धाडलं. तो अविनाश. घटकाभरानं भरली टोपली घेऊन तो योगिनीसमोर उभा राहिला.

तिनं टोपलीत पाहिलं आणि तोंडाला ओढणी लावली.

"काऊन हासून राह्यली?"

"सारे गुलाबीच आणले तुमी!"

"चांगले दिसले म्हणून आणले..."

"अवो जीपवाले, कपाशीचं फूल आज पांढरं, उद्या गुलाबी. हे कालचे हायेत. याइचं लग्न कालच लागलं. आता क्रॉसिंगले चालत नाही."

अविनाशनं मान खाजवली. "मंग... बिनलग्नाचं कोनतं?"

"पांढरं."

त्यानं तिच्या पांढऱ्या ओढणीकडे पाहिलं— आणि पाहतच राहिला.

"समजलं," तो म्हणाला.

तेवढ्यात बांधावरून मालकाची हाक आली. योगिनीनं झटकन ओढणीची ओटी केली, गुलाबी फुलं त्यात ओतली आणि रिकामी टोपली त्याच्या हाती दिली. "जा, पांढरे आना. लौकर!"

दुसऱ्या दिवसापासून जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची सीट कुणाला मिळेना. बाया विचारत, "कोनासाठी ठेवली रे?" अविनाश आरशात केस सारखे करी. योगिनी आली की दार आतून उघडायचं... आणि साऱ्या बाया एकदम खोकायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं.

मग नऊ वर्षं गेली. विहिरी आटल्या, प्लॉट बंद पडले, घर जीपवर चाललं. पाळणा मात्र हलला नाही. सासू तानाबाई वाईट नव्हती, पण शेजारणीचं नातवंड मांडीवर घेऊन आली की त्या दिवशी जेवत नसे. योगिनीला ते उपासच जास्त बोलायचे.

एकदा तिनंच मन घट्ट केलं. "तुमी दुसरी करा."

"जीपमधी माह्या बाजूले एकच सीट हाय," अविनाश म्हणाला आणि भाकरीकडे हात केला. "वाढ."

बुलढाण्याच्या डॉक्टरणीनं शेवटी कारण सांगितलं. लहानपणच्या टीबीनं योगिनीची पिशवी आतून खराब झाली होती. बीज दोघांचं चांगलं होतं, पण ते वाढवायला दुसऱ्या बाईची कूस हवी होती. योगिनी घरी येऊन रडली. अन्नपूर्णा भेटायला आली होती, ती म्हणाली, "मह्या पोटात दोन राह्यले, तिसरं पाहुनं राहील. रडते काऊन?"

अन्नपूर्णेनं घरी जाऊन नवऱ्याला, शेषरावला, विचारलं. तो म्हणाला, "पाहुनं हाय, तं पाहुन्यासारखंच जपजो."

कागद झाले, इंजेक्शनं झाली, आणि अन्नपूर्णेला दिवस राहिले. दवाखाना जवळ म्हणून अन्नपूर्णा योगिनीकडेच राहायला आली. आता अविनाश जीप थांबवून चिंचा आणी, त्या तिच्यासाठी. तानाबाई तिलाच लोणी वाढी. योगिनी बहिणीचे पाय चेपायची. एकदा पोटावर ठेवलेल्या तळव्याला आतून लाथ बसली— ती हसली, आणि मग गोठ्यात जाऊन रडली. या घरात आपण कोण, हे तिला कळेना.

भादव्यात डोहाळजेवण झालं. फुलांचे दागिने घालून अन्नपूर्णा पाटावर बसली. तानाबाईनं नारळ-तांदूळ उचलले आणि मधेच थांबली. ओटी कुणाची भरायची? बाया कुजबुजल्या, "पोट हिचं, लेकरू तिचं..."

"ताईचीच भरा," योगिनी म्हणाली आणि चुलीकडे वळली.

दारात अविनाश उभा होता. हातात टोपली.

"बायाइत कुठं शिरतं रे?" तानाबाई ओरडली.

तो थेट योगिनीसमोर आला. "पदर धर."

तिनं नकळत पदर धरला. त्यात फुलं पडली. सगळी गुलाबी.

"कालचे हायेत," तो हळूच म्हणाला. "आता मले समजते."

योगिनीच्या ओठाशी हसू आलं, पण डोळे भरले.

"नऊ वर्षांत एकदा बी म्हनलो नाही... तू आवडते मले. पोरगं येवो, न येवो. सीट तुहीच हाय." एवढं बोलताना त्याचे कान लाल झाले.

अन्नपूर्णा पाटावर सरकली. "मावशी, बसवा तिले मह्याजवळ. अन् लौकर भरा ओट्या, मले भूक लागली!"

तानाबाईनं आधी योगिनीची ओटी भरली, मग अन्नपूर्णेची. अविनाश तोवर जीपमध्ये जाऊन बसला होता आणि उगाच हॉर्न वाजवत होता.

कार्तिकात मुलगी झाली. अन्नपूर्णेनं ती योगिनीच्या मांडीवर ठेवली आणि साखर जास्त घातलेला चहा मागितला.

तानाबाई दोन हजार एकोणीस साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारली. शेवटचं पाणी नातीनं पाजलं.