बारावं मिनिट

मितेश विनीतच्या घरी, मसुऱ्याला निघाला तेव्हा काम अर्ध्या तासाचं वाटत होतं. विनीत त्याचा शाळासोबती. तो बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने घराबाहेर. गावात नेटचा भरवसा नाही, म्हणून त्याने घरात छोटा सर्व्हर बसवून घेतला होता. सिनेमे, नाटकं, घरचे व्हिडिओ, सगळं त्या काळ्या डब्यात. बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध नाही. घरातल्या घरात राउटरवरून टीव्हीला पुरवायचं, एवढंच त्याचं काम.

रविवारी विनीतच्या बायकोचा, शर्मिलाचा, मितेशच्या मालवणच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात फोन आला होता. "भावजीनू, दुपारचे तीन वाजले काय टीव्ही अडाकता. रोजच."

सोमवारी तो पोचला. वारा पडला होता, माडाचं पातंही हलत नव्हतं. शर्मिलाने कोकम सरबत दिलं आणि ती दाराला टेकून उभी राहिली. बसली नाही.

लॅपटॉप जोडून मितेश वाट बघत राहिला. तीन वाजले आणि पडद्यावर दोन नावं आली. हॉलचा टीव्ही. आणि त्याखाली, आईची खोली.

"वयनी, आवशीच्या खोलीत टीव्ही आसा?"

"नाय. त्या गेल्यार भंगारात दिलंय."

विनीतची आई, यशोदाकाकी, चार महिन्यांपूर्वी गेली. कंबर मोडल्यापासून अंथरुणावरच होती. रात्री झोपेत गेली, सोमवारी सकाळी सातला चहा घेऊन गेले तर अंग गार, असं शर्मिलाने सगळ्यांना सांगितलं होतं.

कुणी शेजारी वायफाय चोरत असणार, मितेशने विचार केला. त्याने पासवर्ड बदलला. हॉलच्या टीव्हीचं कनेक्शन तुटलं, दुसरं नाव जागच्या जागी राहिलं. मग त्याने राउटर नीट पाहिला. एक वायर भिंतीतून आत गेली होती आणि तिच्याजवळचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"ती खोली उघडूची लागात."

"कित्याक?" ती पटकन म्हणाली. पण किल्ली तिच्या कमरेलाच होती.

आत काळोख, औषधी तेलाचा कोंदट वास. रिकामी खाट. वायरचं टोक भिंतीवरून लोंबत होतं, कशालाच न जोडलेलं. बाहेर मात्र दिवा लुकलुकत होता.

मितेशने वायर राउटरमधून उपसली. दिवा विझला. हॉलचा टीव्ही नव्या पासवर्डवर घेतला, तो सुरळीत चालू झाला. शर्मिलाने श्वास सोडला.

"आता ती बघूची नाय मां?"

"कोण, वयनी?"

तिने किल्ली परत कमरेला खोचली.

त्या 'ती'ने मितेशच्या मनात पाल चुकचुकली. डब्यातल्या जुन्या नोंदी त्याने उघडल्या. यशोदाकाकी गेली त्या आठवड्याच्या. शनिवारी सकाळपासून रविवारी संध्याकाळपर्यंत, रात्रीसुद्धा, आईच्या खोलीत एकच व्हिडिओ लागला होता. सत्तावीस वेळा. दर वेळी बाराव्या मिनिटापासून. शेवटचा रात्रभर तसाच उघडा राहिला होता आणि बंद केला होता शर्मिलाच्या फोनवरून. सोमवारी सकाळी, अकरा वाजता.

सातला चहा, आणि अकराला...

त्याने तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. भराडीदेवीची जत्रा, रांग, ऊन. बाराव्या मिनिटाला यशोदाकाकी दमून खाली बसते, आणि शर्मिला तिला बाटलीतून पाणी पाजते. म्हातारी घटाघटा पिते.

"बंद करा... बंद करा तां."

मितेशने बंद केलं. शर्मिला खाली बसली होती.

"मी माहेराक गेललंय. शिरोड्याक. एकाच रातीसाठी, भावजीनू... मगे एष्टी गावली नाय."

दोन दिवस एकही एष्टी नाही? हे त्याच्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

"तांबयो उशाकडे ठेवललंय. हात पोचतलो असा वाटललां..." तिने डोळे पुसले. "हेंका सांगा नकात. पाया पडतंय. तां सगळा पुसून टाका."

मितेशने लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला. म्हातारी तर गेली, आता संसार कशाला मोडायचा, असं त्याने स्वतःला समजावलं. त्याने नोंदी पुसल्या. लॅपटॉपवर चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पैसे न घेताच तो उठला. पायरी उतरताना मागे वळून बघायचं धाडस त्याला झालं नाही.

बुधवारी दुकान उघडतो न उघडतो तोच विनीतचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"तू मेलवर धाडलली यादी गावली रे."

"खंयची यादी?"

"आवशीच्या टीव्हीची. सत्तावीस वेळा, बारावा मिनिट. फोन कालच लागलो, शर्मिलाक इचारलंय. काल रात्री रडान रडान सगळा सांगल्यान." तो म्हणाला. "मी येतंय घराक."

मितेशने फोन दुसऱ्या कानाला लावला. डबा बाहेर काही पाठवूच शकत नव्हता. त्याने स्वतः तर पुसलं होतं.

"विनीत... मी कायच धाडूक नाय."

"तुझ्याच नावान इलीसा. फक्त शेवटची ओळ माका कळाक नाय. 'नोंदी पुसल्या. मितेश. सोमवार, दुपारी चार वाजून दहा.'"

"कधी..." मितेशने कॅलेंडरकडे पाहिलं. "कधी गावली तुका ती?"

"शनिवारी," विनीत म्हणाला. "शनिवारी सकाळी."

शनिवारी शर्मिलाने मितेशला अजून फोनसुद्धा केला नव्हता.