ओरिकची राखण

चौदा ऑक्टोबर, मंगळवार. शेजारचा रुअरी बटाटे काढत होता, तेव्हा ग्लासगोहून त्याच्या वहिनीचा फोन आला. त्याने हातातली ओळ पुरी केली आणि चिखलाच्या बुटांनिशी माझ्या दारात उभा राहिला.

“टॉरमॉट गेला.”

त्याचा थोरला भाऊ. मी चहाचं आधण ठेवलं.

“जन्मभर सगळीकडे उशिरा पोचला,” रुअरी म्हणाला. “आईच्या मयतालासुद्धा बोट चुकवली गाढवाने. पण म्हणायचा, मला तिथेच पुरा. मी तिला सोडवीन.”

पोरांनो, उद्या ज्या हेलसे बेटावर तुम्ही ओस घरांचे फोटो काढायला निघालात ना, तिथली ही माणसं. गाव उठलं त्याला चाळीस वर्षं झाली. तिथे शेवटची पुरली ती यांची आई, ओरिक. आणि जुनी माणसं सांगत, शेवटी पुरलेल्याने कबरस्तानाची राखण करायची. पुढचं मयत आलं की त्याची सुटका.

ओरिकनंतर मयत आलंच नाही.

“वहिनीला सांगितलंस हे?” मी विचारलं.

“इतकंच सांगितलं, की त्याची तशी इच्छा होती. राखणीचं इंग्रजीत सांगायला लागलो आणि माझं मलाच खुळ्यासारखं वाटलं. गप्प बसलो.”

शवपेटी शुक्रवारी येणार होती. गुरुवारी, सोळा तारखेला, रुअरी एकटाच हेलसेला गेला. आईशेजारी खड्डा खणला. खणून होईतो वारा फिरला, बोट काढता येईना. कबरस्तानाच्या भिंतीला ताडपत्री बांधून तो आत बसला.

पाऊस रात्रभर होता. दीडच्या सुमाराला ताडपत्रीवरचा आवाज थांबला. पाऊस पडतच होता. आवाज तेवढा थांबला.

मग फाटकाशी कुणीतरी गुणगुणू लागलं. गाईची धार काढताना बायका म्हणतात, तसं.

गुणगुणणं थांबलं.

“टॉरमॉट आला का रे?”

गेलिकमध्ये, आमच्या बेटांवरच्या जुन्या भाषेत. अगदी घरातल्यासारखं.

“...उद्या, आई.”



“उद्या...?”

“हो.”

फाटकाची कडी वाजली. एकदाच.

“काका, दिसली का त्यांना?”

मीही हेच विचारलं होतं, पोरी. तो म्हणाला, मान वर केली नाही.

उजाडल्यावर तो बाहेर आला. गवत, भिंत, फाटक, सगळं निथळत होतं. फाटकाशी शवपेटी टेकवायचा सपाट दगड आहे. तोही ओला. मधोमध तेवढी जागा कोरडी. एक माणूस बसेल एवढी. रुअरीने हात लावून पाहिला.

दुपारी समुद्र निवळला तसा तो परत आला. मी धक्क्यावरच होतो. तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

“समुद्र खवळलाय म्हणून बातम्यांत सांगत होते. पोरांना रजा नाही. आम्ही सकाळी दफन इथेच उरकलं. रागावू नका, भाऊजी. इथे काय, तिथे काय? तिथले डोंगर बघायला हे थोडेच उठणार आहेत?”

रुअरी “बरं” म्हणाला. वहिनीचं तरी काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

उद्या तुम्हाला नेणारी बोट दुसऱ्याची आहे. रुअरी परत तिकडे गेलेला नाही. ओरिकशेजारचा खड्डा अजून कुणी बुजवलेला नाही.