तळणबंदीचा गुरुवार

बुधवारी दुपारी बुरमाकानने गल्लीतल्या एकवीस दारांवर जाऊन एकच निरोप दिला: उद्या कुणी बोर्सोक तळायचे नाहीत.

बावीस वर्षं घरोघरचे मीटर वाचणाऱ्या बाईचा शब्द आत-बाशी गावात सहसा कुणी मोडत नसे. पण हा निरोप ऐकून बायकांनी कपाळाला हात लावले. गुरुवारी दिवेलागणीच्या आत घरातून तळणाचा वास निघायलाच हवा. बोर्सोकच्या पिठाचे चौकोनी तुकडे तेलात सोडायचे, ते फुगून वर आले की घरातून गेलेल्यांची नावं घ्यायची. त्यांचं पोट त्या वासावर भरतं. एखादं लग्न पुढे ढकललं तर चालेल, गुरुवार चुकता कामा नये.

"म्हणजे मेलेल्यांचीही वीज तोडायला निघालीस का आता?" समोरच्या उलकान अपाने विचारलं. अपाचं वय ब्याऐंशी, जीभ विशीतली.

"एका गुरुवारपुरतं, अपा. बाहेर उणे अडतीस आहे. एकवीस घरांचे हीटर दिवसरात्र चालू. त्यात पाच वाजता विजेच्या एकवीस शेगड्या एकदम लागल्या तर ट्रान्सफॉर्मर बसलाच म्हणून समजा. दुसरा यायचा नारीनहून, आणि घाट बंद आहे."

"आजवर कसे झाले गं गुरुवार?"

"आजवर चुली होत्या. धूर नको म्हणून गल्लीने हौसेने फोडल्या. पहिली तुमचीच फुटली."

हे उलकान अपाला ऐकूच आलं नाही. तिला हवं तेवढंच ऐकू येई. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "पोर कसं आहे?"

"दूध ओढतंय."

"मग नाही तळत, जा. माझा म्हातारा जन्मभर माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवत आला. राहू दे एक आठवडा उपाशी."

पोर म्हणजे बुरमाकानचा नातू. सातव्या महिन्यातच जन्मलेला, एकोणीस दिवसांचा, अजून दोन किलोही न भरलेला. बाप मॉस्कोत बांधकामावर. खोली अठ्ठावीस अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घराच्या भिंती पातळ. वीज गेली तर चार तासांत पेल्यातलं पाणी गोठतं, हे बुरमाकानने मागच्या हिवाळ्यात पाहिलं होतं. आणि असल्या हवेत त्याला इस्पितळात न्यायचं म्हणजे वाटेतच गमवायचं. तेव्हा त्याचा जीव गल्लीच्या कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पेटीत होता, एवढा साधा हिशोब.

गुरुवारी साडेचारला ती ट्रान्सफॉर्मरपाशी उभी राहिली. वीजप्रवाह मोजणाऱ्या टाँग टेस्टरचा चिमटा केबलभोवती धरला. एकशे एकेचाळीस अँपिअर. दीडशेपर्यंत त्याची ताकद. पाचला एकशे अठ्ठावन्न. साडेपाचला एकशे शहात्तर. डोंगरामागे सूर्य गेला, गारठ्याने हीटर आणखी वाढले, तशी गल्लीतली एकेक खिडकी पिवळी झाली आणि पेटीची गुणगुण घोगरी होत गेली. तिच्या माथ्यावरचा बर्फ वितळून पाणी खाली ओघळायचं आणि अर्ध्या वाटेवर पुन्हा गोठायचं.

तेवढ्यात वास आला. तापल्या तळणाचा आणि फुगलेल्या पिठाचा.

बुरमाकानच्या डोक्यात तिडीक गेली. एवढं दारोदार सांगून! ती पहिल्याच दारात घुसली आणि हातमोजा काढून शेगडीवर तळहात टेकवला. शेगडी थंड होती. दुसऱ्या घरी थंड. तिसऱ्या घरी गल्लीतले थोरले काका जुमाश बाइके मांडी घालून चहा पीत बसले होते.

"हात काय लावतेस? माझ्या बायकोपेक्षा गार आहे ती."

"मग वास कुठून येतोय, बाइके?"

"मला वाटलं, तुझ्याकडूनच. नियम करणारेच आधी मोडतात."

सगळीकडे हेच. प्रत्येकाला वास येत होता आणि प्रत्येकाला तो शेजारचा वाटत होता. उलकान अपा कोरड्या कढईपुढे बसली होती, नाक वर करून.

"हे तेल नाही गं," ती म्हणाली. "मेंढीची चरबी आहे. चरबीत आता कोण तळतं?"

"कोण तळतं?"

अपाने शालीचं टोक तेवढं तोंडावर ओढून घेतलं.

चरबीत तळायची ती सतरा नंबरची म्हातारी सादात एजे. एकटा जीव, मूल ना बाळ. ज्यांचं नाव घ्यायला कुणी उरलं नाही अशांसाठी ती दर गुरुवारी तळायची. पानगळीत ती गेली. खात्याच्या नियमाने बुरमाकानने स्वतः उभं राहून त्या घराची तार खांबावरून उतरवून घेतली आणि मीटरला सील लावलं. तेव्हापासून ती आपल्या माणसांबरोबर सादात एजेचंही नाव घेत आली. दुसरं घेणार तरी कोण?

सतरा नंबरच्या अंगणात गुडघाभर बर्फ होता. त्यावर पाऊल म्हणून उमटलेलं नव्हतं, मांजराचंसुद्धा. बुरमाकान तो तुडवत आत गेली. वास इथे इतका दाट होता की तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली.

खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची जाड साय. भिंत हाडासारखी गार.

उतरवलेल्या तारेचं वेटोळं खुंटीवर जसंच्या तसं. मीटरचं सील शाबूत.

तिने मीटरच्या काचेवर विजेरी धरली.

आतली चकती फिरत होती.

उलटी.

वेग बेताचा होता. घाई नाही, गडबड नाही. कणीक मळणाऱ्या हातांना असते तशी लय. घर वीज घेत नव्हतं, देत होतं.

बुरमाकानने काच पुसून पुन्हा पाहिलं. मग धडपडत कोपऱ्यावर आली आणि चिमटा लावला.

एकशे एकतीस.

गल्लीतली एकही खिडकी विझलेली नव्हती. तिने तिथूनच हाक मारली, "बाइके, हीटर बंद केलात का?"

"वेडी आहेस का? मरायचंय का आम्हाला?"

एकशे बारा. पेटीची गुणगुण बारीक झाली होती, पोटभर दूध प्यायलेल्या वासरासारखी.

बावीस वर्षांत तिने कुठल्याही मीटरला हात जोडले नव्हते. आता सतरा नंबरच्या दिशेने तोंड करून ती म्हणाली, "उपकार झाले, एजे. आज तुला उपाशी ठेवलं, आणि तू..." पापण्यांवर पाणी गोठायला लागलं तशी ती सावरली. "पुढच्या गुरुवारी दुप्पट तळीन. चरबीतच."

घरी अठ्ठावीस अंश होते. हीटर टकटक करत तापला होता. नुरझात, तिची सून, पाळण्याच्या कडेला डोकं टेकून झोपली होती. सासूच्या पायरवाने दचकून जागी झाली.

"वीज राहिली, आई?"

"राहिली. बाळ?"

"दोनदा प्यायलं." नुरझात पोराकडे बघून हसली. "तुम्ही कधी येऊन गेलात? मला कळलंच नाही. तीट छान लावलीत."

बुरमाकान वाकली. नातवाच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, काजळीचा ठिपका होता. कोणीतरी अंगठ्याने लावलेला, जुन्या बायका लावत तसा.

तिने बोट टेकवलं. बाळाचं कपाळ उबदार होतं. ठिपका तेवढा बर्फासारखा गार होता.