दगडाखालचा कोळसा

"नाव काय? जमीन कुठली? पुरावा काय?" इंदूने दरडावून विचारले. वडिलांची काळी टोपी तिच्या कानांपर्यंत उतरली होती.

"मामलेदार असे डोळे वटारत नाहीत," ज्योतीराम म्हणाला.

"तू कधी पाहिलास रे मामलेदार?"

कुसुमताईंनी दोघांना गप्प केले. महाळुंग्याच्या डोंगरातल्या ठाकरवाडीत त्या महिनाभर वर्ग घेत होत्या. साहेबापुढे न घाबरता आपल्या जमिनीबद्दल कसे बोलायचे, हे त्या ठाकरांना शिकवत. चाकणच्या शाळेतली ही दोघे सुट्टीत रोज खोटे मामलेदार व्हायला येत.

खरे मामलेदार परवा खेडहून येणार होते. लाकडाचे ठेकेदार दौलतराव म्हणत होते, की छबूबाईंचे शेत सरकारी रानातच येते. हद्दीचा दगडच तसे सांगतो. म्हणजे बांधावरची ऐनाची झाडे ठेकेदाराच्या कुऱ्हाडीखाली जाणार. छबूबाई आणि त्यांचा नातू चिमा कुठे जाणार, याची ठेकेदाराला काय पर्वा?

छबूबाई उभ्या राहिल्या. "माजं नाव छबूबाई. दगड सरकावलाय, साहेब. मोजणीवाल्यांनी रोवला तवा खाली टोपलीभर कोळसा पुरला व्हता. कोळसा कुजत न्हाई म्हून. मी नवी नवरी व्हते. टोपली माज्याच डोक्यावर व्हती."

इंदूने टोपी काढली. "आजी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. दोनदा चावडीवर गेले. म्हनले, म्हातारे, भाईर बस."

चिमाने हातातली काडी मोडली. तिन्ही मुले तडक शेताकडे पळाली.

हद्दीचा दगड ओढ्याकाठी होता. त्याला ताजा चुना फासलेला. वर, ऐनाच्या झाडांपलीकडे, वाळल्या गवतात एक चौकोनी टक्कल दिसत होते.

"इथंच व्हता," चिमा म्हणाला आणि उकरायला बसला.

ज्योतीरामने त्याचा हात धरला. "थांब. आपण उकरलं तर म्हणतील, पोरांनीच कोळसा पुरला. साहेबांसमोरच उकरायचं."

"आनि तवर गप बसायचं?"

"इंदूला जमलं तर."

"तुलाच जमणार नाही," इंदू म्हणाली.

ठरलेल्या दिवशी मामलेदार आले. दौलतराव त्यांच्या पुढेपुढे करत होते. "इंग्रजांच्या मोजणीचा दगड, साहेब. तसूभर हललेला नाही."

छबूबाई पुढे झाल्या. "साहेब, माजं..."

"बाई, नंतर," मामलेदार म्हणाले. त्यांनी मान वर करूनही पाहिले नाही.

इंदूचे कान तापले. पण आवाज गोड ठेवून तिने दौलतरावांना विचारले, "काका, मोजणीवाले दगडाखाली कोळसा पुरायचे म्हणतात. याच्याखाली असेल?"

"असणारच की, पोरी. खणून बघ हवं तर."

"साहेब, काकाच म्हणतायत. बघायचं?"

मामलेदारांनी शिपायाला खूण केली. दगड कलला, पहार चालली. हातभर खोल गेले तरी नुसता मुरूम.

"आता वर चला," चिमा म्हणाला.

टकलावर पहार दोनदा पडली आणि काळे खडे वर आले. दौलतरावांचा चेहरा उतरला. "पोरांचे उद्योग आहेत हे."

शिपायाने एक ढेकूळ उचलले. "साहेब, ऐनाची अंगठ्याएवढी मुळी कोळशातून आरपार गेलीय. हे पोरांचं काम नव्हे."

मामलेदारांनी वाकून ती मुळी पाहिली. मग दौलतरावांना म्हणाले, "दगड कुणी हलवला, हे तुम्ही मला लिहून द्यायचं. आजच." मुलांकडे वळून ते म्हणाले, "शाब्बास. फार हुशार आहात."

"आम्हाला शाबासकी कशाला, साहेब?" ज्योतीराम ताडकन बोलला. "आजी हेच सांगत होत्या. त्यांना बाहेर बसवलं. तुम्हीसुद्धा 'बाई, नंतर' म्हणालात."

मामलेदार सावकाश खाली गवतात बसले आणि त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला.

"चुकलं माझं. बसा, आजी. पहिल्यापासून सांगा. मी लिहितो."

छबूबाई बसल्या नाहीत. त्यांनी एकदा कुसुमताईंकडे पाहिले आणि पार ओढ्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"माजं नाव छबूबाई. जमीन ही, पायाखालची. पुरावा तुमच्या शिपायाच्या हातात हाय."