न वापरलेल्या रजया

नागपूरला समुद्र नाही, पण कस्टम आहे. बंदरावर उतरलेले डबे रेल्वेने कंटेनर डेपोत येतात आणि तिथे तपासणी अधिकारी चंपतराव नाक मुरडून त्यांची वाट बघत असतात. आयात करणारे सगळे चोर आणि त्यांचे एजंट महाचोर, हे त्यांचं मत नोकरीच्या पहिल्याच वर्षी पक्कं झालं होतं. माल बघण्याआधी ते माणूस बघायचे आणि निकाल तिथेच लागायचा. वरच्या साहेबांनी त्यांचा एकही निकाल कधी फिरवला नव्हता. त्या एका गोष्टीवर हा माणूस मान ताठ करून हिंडायचा.

डिसेंबरात पुष्पलताबाईंचा डबा आला. इतवारीतलं गादी भांडार विकून बाईंनी पहिल्यांदाच परदेशी माल मागवला होता, कापूस भरलेल्या रजया. कपाशीच्या मुलखात बाहेरून कापूस आणणाऱ्या बाईच्या अकलेची चंपतरावांना कीव आली. करआकारणीच्या यादीत चादरीचं शीर्षक वेगळं, रजईचं वेगळं आणि वापरलेल्या मालाचं तिसरंच. माल वापरलेला ठरला की परवान्यावाचून जप्त, आणि बाई रस्त्यावर. चंपतरावांनी मनात तिसरं शीर्षक लावूनही टाकलं होतं.

गोदामाची फरशी गारठलेली होती. साहिलने, म्हणजे बाईंच्या एजंटने, पहिलं गाठोडं उघडलं. रजईच्या पिशवीचं सील शाबूत होतं, आत कोऱ्या कापडाच्या खळीचा वास. रजई पसरली, तर मधोमध खळगा. कोणीतरी डाव्या कुशीवर झोपून नुकतंच उठलेलं असावं तसा. एक गुडघा पोटाशी घेतलेला, दुसरा पाय सरळ. चंपतरावांनी हात लावून पाहिला. खळग्यात ऊब होती.

त्यांना आनंदच झाला. चोर सापडला होता.

साहिलने रजई झटकली, घडी घातली, पुन्हा पसरली. खळगा हळूहळू पुन्हा उमटला. दुसऱ्या रजईत तो उताणा होता. तिसरीत उजव्या कुशीवर, त्यांच्याकडे तोंड करून.

साहिल दोन पावलं मागे सरला. "सील तुमच्यासमोरच तोडलं ना जी, साहेब. मले काही समजून नाही राहिलं."

समजायला डोकं लागतं, असं चंपतरावांनी त्याला सुनावलं आणि शेरा लिहायला पेन काढलं. तेव्हा गाठोड्यांमागे उभ्या असलेल्या पुष्पलताबाई पुढे आल्या.

"कोणी झोपलं असन तर त्याचं नाव लिहा, साहेब. मी माल सोडून देतो."

एका गादीवालीने आपल्याला नाव विचारावं! माणसाची खूण कशी असते ते हिला दाखवूनच देऊ, म्हणून चंपतरावांनी बूट काढले आणि सगळ्यांदेखत पहिल्या रजईवर आडवे झाले.

खांदा खांद्याच्या जागी बसला.

स्कूटरच्या अपघातापासून न वाकणारा त्यांचा उजवा पाय लांब खाचेत आपसूक गेला. टाच जिथे संपली, तिथेच खाच संपली.

ते उठले, बूट चुकीच्या पायांत घातले, पुन्हा काढले. वापरलेला म्हणावं तर कोणी वापरला, हे वरचे साहेब विचारणार. आपल्या निकालावर कचेरी हसेल, ह्यापलीकडे कसली भीती ह्या माणसाला माहीतच नव्हती. त्यांनी शेरा लिहिला: माल कोरा, वापराची कोणतीही खूण नाही. खाली सही ठोकली.

रजया ट्रकमध्ये चढताना साहिलने भीत भीत दाबून पाहिल्या. सगळ्या सपाट आणि गार होत्या.

त्या रात्री चंपतरावांना गाढ झोप लागली. सकाळी त्यांची बायको गोपिका अंथरूण आवरायला आली आणि थबकली.

"काहो, रातभर झोपले नाही काय तुम्ही?"

डोळे फुटले का, म्हणून ते तिच्यावर खेकसले. मग तिच्या नजरेसमोर पलंगावर पडले, उशीवर डोकं दाबलं, कूस बदलली आणि उठले.

चादरीला एकही चुणी नव्हती. उशी फुगलेलीच होती.

गोपिकाने तळहात टेकवला.

"गार आहे जी."

मग त्यांच्याकडे न बघता तिने त्यांच्या बाजूची चादर घडी घालून तशीच कपाटात ठेवली. धुवायची गरज नव्हती.