कोपराखालचे वळ

लगीनघरी चुडा भरायला जाणं हे माझं रोजचंच काम. रेणापुरात शहजादी चुडीवाली म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवील. शाळा चौथीपर्यंत झाली, पण हात वाचायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. मूठ बोटांत नसते, बायांनो. तिच्या दोऱ्या कोपराखाली असतात. तिथं दाबायचं, मनगट आत वाकवायचं, की मूठ ढिली पडते आणि काचेची बांगडी अलगद चढते.

माझी मैत्रीण सिंधु कायम मदतीला असायची. मी पंजा दाबायची, ती नवरीचं कोपर धरायची. कडबा कापायच्या यंत्रात तिचं मधलं बोट अर्धं गेलेलं. तरी तोरा किती! "शहजादे, तुझ्या पाचांपेक्षा माझी साडेचार भारी हायत." तिच्या हाताला सदा कडब्याचा वास. परत येताना एकाच पिशवीचा एकेक बंद धरून आम्ही दोघी चालायचो. ती पिशवी आता मी एकटीच उचलते.

गेल्या साली लातूरच्या दवाखान्यात ती गेली, ती लेकीचं मनगट धरूनच. मूठ कुणाला सुटेना. शेवटी मीच तिच्या कोपराखाली दाबलं, मनगट वाकवलं. सुटली.

त्याच लेकीचं, दीपमालाचं, लग्न निघालं. भर दुपारी लाईट गेलेली. आतल्या खोलीला खिडकी नाही. अंधार, हळदीचा उग्र वास, अन् दीपमालाचा डावा हात माझ्या मांडीवर, मूठ दगडासारखी. माझीही बोटं हल्ली बधिर होतात. नवरीच्या हातावर बांगडी फुटली तर अपशकुन, अन् मला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही.

"सोड की गं मूठ! बांगड्या भरायले, सुई टोचत न्हाई."

"सुटंना मावशी…"

तिची आत्या नीलाबाई दारातून म्हणाली, "हात म्हातारे झाले म्हण की, शहजादी."

"तू गप. तुझा ढोपरागत टणक हात मीच भरलाय, इसरलीस?"

पुन्हा पंजा धरला. अल्लाकसम, माझे दोन्ही हात पंजावरच होते. नीलाबाई उंबऱ्यावर. खोलीत तिसरं कुणी नाही.

कडब्याचा वास आला.

मूठ ढिली पडली. बांगड्या सरसर चढल्या… एकही फुटली नाही.

लाईट आली तेव्हा दीपमाला कोपराखाली चोळत होती. "मावशी, किती जोरात धरलंत…"

वळ उठले होते. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं. मधलं अर्धंच.

"हाव, मीच धरलं," मी खोटं बोलले.

परवा तिचा सासरहून फोन आला. लग्नाला तीन महिने झालेत.

"मावशी, वळ गेले न्हाईत. खाली सरकायलेत… आता मनगटापाशी आलेत. आईनं धरलं होतं, तिथंच."

"दुखतंय का गं?"

"न्हाई… रोज जरा घट्ट व्हायलंय."